मुलीचं वय १२, सुळा वर आलाय, तारा लावायच्या का?

मृण्मयी_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे. तिचा वरचा डावा सुळा हिरडीच्या पार वरच्या बाजूने बाहेर आलाय, शेजारच्या दाताच्या डोक्यावर बसल्यासारखा, आणि उजवाही त्याच वाटेवर दिसतोय. खालचे पुढचे दात थोडे दातावर दात. बाकी खाणं, बोलणं सगळं व्यवस्थित, दुखत काहीच नाही. शाळेत तपासणी झाली तेव्हा चिठ्ठी दिली म्हणून गंगापूर रोडला एका डॉक्टरांकडे दाखवलं. त्यांनी पूर्ण जबड्याचा एक्सरे काढला, मापं घेतली आणि म्हणाले वरचे दोन खालचे दोन असे चार दात काढून तारा लावू, दीड ते दोन वर्षं लागतील. ४५ हजार खर्च, हप्त्याने चालेल म्हणाले. कीड नाही, काही नाही, चांगले चार दात काढायचे हे ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

घरात एकेकाचं एकेक मत. सासूबाई म्हणतात जबडा वाढला की दात आपले आपण जागेवर बसतात, आमच्या वेळी कुणी लावल्या होत्या तारा. ह्यांचं म्हणणं दहावी होऊ दे मग बघू. आणि लेक स्वतः म्हणते आत्ताच लावा, वर्गात चिडवतात तिला, हल्ली फोटोत ओठ घट्ट मिटून उभी असते.

पैशांची जुळवाजुळव करू आम्ही, तो प्रश्न नाहीये. पण गरज नसताना पोरीला दोन वर्षं त्रास कशाला हा विचार येतो. खरंच गरज असते का, की नुसतं दिसण्यासाठीच असतं हे? दात काढल्यावर पुढे काही त्रास होतो का? आणि थांबलं तर काय बिघडतं? कुठल्या क्लिनिकची जाहिरात नको प्लीज, ज्यांनी स्वतः लावल्यात किंवा मुलांना लावल्यात त्यांचे अनुभव हवेत.

कॉलेजरोडवाला

ताई मी नोकरी लागल्यावर, तिशीच्या जवळपास लावल्या, त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही असं अजिबात नसतं. माझे वरचे दात खालच्या दातांवर एवढे उतरलेले होते की खालचे पुढचे दात दिसतच नव्हते आणि ते वर टाळूच्या हिरडीला लागायचे, तिथे कायम सूज. म्हणजे माझ्या बाबतीत दिसण्याचा प्रश्नच नव्हता, वरवर दात बरे दिसायचे माझे.

आता त्रासाचं खरं सांगतो. तारा बसवताना काही दुखत नाही, दात कोरडे करून त्यावर एकेक ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारी बारीक चौकट, चिकटवतात आणि मग तार ओवतात, तोंड उघडं ठेवून जबडा अवघडतो तेवढंच. दुखायला लागतं संध्याकाळपासून. पहिले तीन-चार दिवस पोळीचा तुकडा चावायचा म्हटलं तरी नको वाटतं, मी मुगाची खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी आणि केळी ह्यावर काढले. मग ते ओसरतं, पण दर महिन्या-सव्वा महिन्याने तार बदलली की पुन्हा दोन दिवस थोडं तसंच. मला जास्त त्रास दुखण्याचा नाही, गालाचा झाला. मागच्या दाढेपाशी तारेचं टोक बाहेर येतं आणि गालाला आतून टोचत राहतं, तोंड येतं. त्यासाठी मेण देतात, छोटी गोळी बोटावर मळून मऊ करायची, ती जागा आधी कोरडी करायची आणि टोकावर दाबून बसवायची. कोरडी केली नाही तर मेण टिकत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तरी टोचत असेल तर सरळ क्लिनिकमध्ये जायचं, ते दोन मिनिटात टोक कापून देतात, पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका.

खाण्याचं म्हणाल तर मिसळ बंद होत नाही, पण फरसाण रश्श्यात भिजू द्यायचं. कडक चिवडा, चिक्की, ऊस सोलून खाणं, आख्खा पेरू, मक्याचं कणीस दाताने ओरपणं हे सगळं दोन वर्षं विसरायचं. पेरू कापून खा, कणसाचे दाणे काढून खा. द्राक्षांना काही अडचण नाही 🙂 आणि मुलीला दातांच्या रंगाच्या सिरॅमिक तारा हव्या असतील तर एक सांगतो, त्यांच्यावर जे पारदर्शक रबर असतात ते हळदीने पिवळे होतात. एकदा झणझणीत रस्सा खाल्ला की झालं, पुढच्या वेळी रबर बदलेपर्यंत तसेच. मला विचाराल तर शाळेतल्या मुलीला साध्या मेटलच्या बऱ्या, स्वस्त पण आणि मजबूत पण.

सातपूरकर

मी जरा वेगळं सांगतो, रागावू नका. माझे खालचे दात लहानपणापासून वेडेवाकडे आहेत, आता पंचेचाळिशी पार केली, एकही दात किडलेला नाही, हिरड्या चांगल्या. आमच्याकडे कंपनीत तपासणीला डॉक्टर येतात ते दरवेळी स्वच्छता छान आहे म्हणतात. हल्ली ज्याच्या त्याच्या पोराला तारा. माझ्या पुतण्याचे दात नीट होते, दोन पुढच्या दातात बारीकशी फट होती फक्त, त्यालाही एकीकडे पॅकेज सांगितलं आणि वर हे केलं नाही तर पुढे डोकेदुखी होईल, जबडा निखळेल असं सांगून घाबरवलं. दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणाले काही करू नका, सुळे आले की फट बुजेल, आणि बुजली. तेव्हा दुसरं मत घेतल्याशिवाय एक पैसा भरू नका एवढंच माझं म्हणणं.

आडगावनाका_ऑर्थो

मी ह्याच कामात आहे, पण क्लिनिकचं नाव सांगणार नाही आणि मेसेजमध्येही विचारू नका. फोटो न बघता निदान करता येत नाही हे आधीच सांगते, तरी ताईंच्या प्रश्नांवर जेवढं सांगता येईल तेवढं सांगते.

सुळा वरून का येतो ते आधी समजून घ्या. वरच्या जबड्यात सुळा उशिरा येतो, साधारण ११ ते १२ व्या वर्षी, आणि त्याच्या मागची पहिली उपदाढ (सुळा आणि दाढांच्या मधला दात) बहुतेक वेळा त्याच्या आधीच आलेली असते. जागा मुळात कमी असेल तर आधी आलेले बसून घेतात आणि सुळ्याला जिथे वाट मिळेल तिथून तो बाहेर पडतो, भरलेल्या एसटीत शेवटी चढलेला माणूस फुटबोर्डावर लटकतो तसा. सासूबाईंचं म्हणणं पूर्ण चूक नाही. दुधाचे दात पडत असताना सातव्या-आठव्या वर्षी पुढच्या दातांत फट असते, दात फताडे दिसतात, ते पुष्कळदा खरंच आपोआप सुधारतं आणि सातपूरकर दादांच्या पुतण्याचं तेच झालं असावं. पण १२ व्या वर्षी कायमचे दात जवळजवळ सगळे आलेले असताना सुळ्याला जागाच नसेल तर ती पुढे आपोआप तयार होत नाही. जबडा वाढतो तो मुख्यतः मागच्या बाजूला, दाढांसाठी. पुढची जागा वयाबरोबर उलट थोडी कमीच होते.

आता गरज. ह्यात दोन गट करते मी. एक, जिथे न केल्याने नुकसान होण्याची शक्यता खरी असते: वरचे दात खूप पुढे आलेले (खेळताना पडलं तर हेच दात तुटतात), खालचे दात टाळूला लागणं, वरचा दात खालच्या दाताच्या आत बसून त्याची झीज किंवा हिरडी खाली सरकणं, आणि सुळा हाडातच आडवा अडकून शेजारच्या दाताचं मूळ खाणं. हा शेवटचा प्रकार बाहेरून दिसत नाही, म्हणून दहाव्या-अकराव्या वर्षी हिरडीवर बोट फिरवून सुळ्याचा फुगवटा लागतो का ते बघतात आणि नाही लागला तर एक्सरे काढतात. ताई, तुमच्या मुलीचा उजवा सुळा ‘त्याच वाटेवर’ आहे म्हणालात, तो एक्सरेत नक्की कुठे आहे ते डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा. दोन, बाकी सगळी गर्दी, ज्यात साफसफाई थोडी अवघड जाते आणि दिसण्याचा प्रश्न असतो. वेडेवाकडे दात म्हणजे कीड लागणारच असं नाही, आणि तारा न लावल्याने डोकेदुखी होते असं कुणी सांगितलं तर खुशाल उठून या.

दात काढण्याबद्दल. सरसकट काढत नाहीत. जागा किती मिलिमीटर कमी पडते ते मापून ठरतं. तीन-चार मिलिमीटरची गर्दी असेल तर दातांच्या बाजू किंचित घासून किंवा दातांच्या रांगेची कमान थोडी रुंद करून भागतं, आठ-दहाच्या पुढे गेलं की बहुतेक वेळा उपदाढा काढाव्या लागतात. नाही काढल्या तर दात पुढे ढकलले जाऊन ओठ बाहेर दिसतात. काढलेली जागा पूर्ण बंद होते, फट राहत नाही, चावायला कमी पडत नाही. फक्त ओठ आधीच सपाट असतील तर काढण्याआधी दहा वेळा विचार करायचा, कारण ओठ आणखी आत जाऊ शकतात. म्हणून तुम्ही तीन प्रश्न विचारा: जागा किती मिलिमीटर कमी आहे, न काढता करून बघितलं तर काय होईल, आणि चेहऱ्याच्या बाजूने कसा फरक पडेल. चांगला डॉक्टर ह्या प्रश्नांनी चिडत नाही. आणि बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, तीन वर्षांचं एमडीएस केलेलं आहे का तेही बघा.

गोदाकाठ

सगळ्यांनी गरजेचं सांगितलं पण ‘नुसतं दिसण्यासाठी’ ह्या शब्दांवर मला बोलायचंय. माझा सुळा असाच होता, दोन्ही बाजूंचे. आमच्या घरी पण हेच, दिसण्यासाठी कशाला खर्च. मी कॉलेज संपेपर्यंत तोंडावर हात ठेवून हसायचे, वर्गात उत्तर येत असलं तरी उभी राहायचे नाही, लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी तर एका बाईंनी समोरच विचारलं की दात असेच आहेत का लहानपणापासून. कमवायला लागल्यावर पंचवटीतल्या हिरे डेंटल कॉलेजमध्ये लावून घेतल्या, तिथे एमडीएस करणारे डॉक्टर त्यांच्या सरांच्या देखरेखीखाली करतात, वेळ जास्त जातो, सकाळी जाऊन नंबर लावावा लागतो, पण मला बाहेरच्यापेक्षा बरंच स्वस्त पडलं आणि काम व्यवस्थित झालं. १२ वर्षांची मुलगी स्वतः तोंडाने लावा म्हणतेय ही अर्धी लढाई जिंकल्यासारखं आहे, कारण ब्रश तिलाच करायचाय, रबर तिलाच लावायचेत. ज्या मुलांना आईवडील ओढून नेतात ती ब्रश करत नाहीत आणि तारा काढल्यावर ब्रॅकेटच्या भोवती पांढरे डाग निघतात दातांवर, ते कायमचे राहू शकतात.

अजून एक, ते फार महत्त्वाचं. तारा काढल्या की संपलं असं नसतं. दात जागेवर टिकून राहावेत म्हणून रिटेनर देतात तो घालावाच लागतो, आधी जवळजवळ दिवसभर आणि मग रात्रीचा. माझ्या मावसबहिणीने लग्नाच्या गडबडीत सोडून दिला, खालचे दात पुन्हा गोळा झाले, सगळे पैसे पाण्यात. खर्च विचारताना रिटेनर त्यात धरलाय का, हरवला तर नवा केवढ्याला हे आत्ताच विचारून घ्या.

मृण्मयी_इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी समोर बसूनही सांगितलं नव्हतं. काल तोच एक्सरे पुन्हा कपाटातून बाहेर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला, उजवा सुळा तिरका दिसतोय मला तरी, पण मला काय कळणार त्यातलं. दुसरीकडे दाखवायचं ठरवलंय. @आडगावनाका_ऑर्थो, ह्यांना दहावीपर्यंत थांबायचंय, त्यात खरंच नुकसान आहे का? आणि ते न दिसणारे पारदर्शक प्रकार तिला चालतील का, मैत्रिणीच्या आईने तेच सांगितलंय.

आडगावनाका_ऑर्थो

नुसती गर्दी असेल तर चार-सहा महिन्यांनी आभाळ कोसळत नाही, सहामाही परीक्षा होऊ द्या हवं तर. पण दोन गोष्टींत दहावीपर्यंत थांबू नका. उजवा सुळा खरंच हाडात तिरका असेल तर ते लवकरात लवकर दाखवा, तो जितका वेळ तसाच राहील तितकी शेजारच्या दाताच्या मुळाला भीती. आणि खालचा जबडा मागे असेल तर त्यावरची काढता-घालता येणारी उपकरणं उंची वाढण्याच्या वयातच काम करतात, मुलींचं ते वय लवकर निघून जातं, पाळी सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली की फारसं हाती राहत नाही. शिवाय आत्ता सातवीत लावल्या तर नववीत मोकळी होईल, दहावीच्या वर्षात तारखा सांभाळायला नकोत.

पारदर्शक अलाइनरमध्ये, म्हणजे दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या साच्यांमध्ये, वरून आलेला सुळा खाली ओढून आणणं आणि काढलेल्या दातांची जागा बंद करणं अवघड जातं, करतात काही जण पण तारांइतकं हुकमी नाही. दिवसाचे २०-२२ तास घालावे लागतात, शाळेत डबा खाताना काढून रुमालात गुंडाळला की मुलं विसरून येतात. आणि घरी किट पाठवतो, एक्सरेची गरज नाही म्हणणाऱ्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना जुना एक्सरे सोबत न्या, उगाच पुन्हा काढायला नको. त्याची सॉफ्ट कॉपी आधीच्या क्लिनिककडून मागून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात.

कॉलेजरोडवाला

आणि ताई, मागच्या तारेखालून साफ करायला जो छोटा बाटलीच्या ब्रशसारखा ब्रश मिळतो तो पहिल्याच दिवशी मेडिकलमधून घेऊन ठेवा. दप्तरात एक, घरी एक.