जुनी गोमंतकीय पुस्तकं: स्कॅन पुरे की मजकूर पुन्हा बसवायचा?

अक्षरजुळणी (फोंडा)

सहा वर्षं मी घरी बसून ई-पुस्तकं करते. पगार नाही, पानामागे पैसे. गेल्या महिन्यात एका प्रकाशकांनी गोव्यातल्या लोककलांवरचं एक जुनं पुस्तक दिलं आणि म्हणाले, "स्कॅन करा, पीडीएफ करा, झालं ई-पुस्तक." मी नाही म्हटलं. काम गेलं. तरीही माझं मत तेच आहे.

स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात 'माटोळी' (चतुर्थीत गणपतीवर टांगतात ती फळापानांची आरास) हा शब्द शोधला तर सापडत नाही. मोबाईलवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि बोटानं पान इकडून तिकडे ओढत वाचावं लागतं. ईपब हा ई-पुस्तकांचा 2007 पासूनचा खुला साचा आहे. त्यात मजकूर खरा मजकूर असतो, पडदा केवढाही असो, ओळी त्याप्रमाणे मोडतात.

1616 साली गोव्यात राशोलला फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' (बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य) छापलं, तेव्हा देवनागरीचे छपाईचे खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. त्या लोकांकडे साधनच नव्हतं. आपल्याकडे 1991 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांच्या सामाईक अक्षरसंकेतांत, देवनागरी आहे, फुकट मिळणारे उत्तम फाँट आहेत. मग आपण फोटोवर का भागवायचं?

छोटा प्रकाशक (म्हापसा)

ताई, तुमचं काम गेलं याचं वाईट वाटलं, पण त्या प्रकाशकाची बाजूही ऐका. मी एका पुस्तकाच्या तीनशे प्रती काढतो, त्यातल्या निम्म्या तीन वर्षांनीही कपाटात असतात. दोनशे पानं नव्यानं बसवून, दोनदा मुद्रितं तपासून घ्यायची तर तो खर्च ई-पुस्तकाच्या विक्रीतून निघत नाही. मागच्या वर्षी माझ्या एका ई-पुस्तकाच्या अकरा प्रती गेल्या. अकरा!

आणि आपल्याकडचा पावसाळा कागदाला सोडत नाही. बुरशी, वाळवी. जी प्रत आज उघडते तिची पानं पुढच्या आषाढात चिकटलेली असतात. स्कॅननं ती निदान वाचते. शिर सलामत तो पगडी पचास.

क्रिस्तपुराणाचंच बघा. पुढे 1649 आणि 1654 सालीही ते छापलं, पण त्या छापील आवृत्त्यांची एक प्रत आज कुणाच्या हाती नाही. 1907 साली मंगळुरात जे पुन्हा छापलं ते लोकांनी हातानं उतरवून ठेवलेल्या प्रतींवरून. म्हणजे ग्रंथ टिकला तो नकला झाल्या म्हणून. मीही तेच म्हणतो: आधी नकला करा, भराभर करा.

कोडवाला (पर्वरी)

मुळात पुन्हा टंकायचं कशाला? स्कॅनवरून मजकूर उचलणारी यंत्रं आता मराठी चांगलं वाचतात. दोनशे पानं संध्याकाळपर्यंत होतील. पानामागे पैसे घेण्याचा धंदा आता फार दिवस चालणार नाही. कटू वाटेल, पण स्पष्ट सांगतो.

अक्षरजुळणी (फोंडा)

मीही यंत्र वापरते, त्याच्याशी माझं वैर नाही. पण त्यानं काय दिलं ते सांगते. जुन्या छपाईत घ आणि ध जवळपास सारखे दिसतात, त्यामुळे 'घुमट' या आपल्या वाद्याचा 'धुमट' झाला. ही चूक बरी, डोळ्यांना खुपते. पण नवी यंत्रं त्याहून पुढे जातात. ओळखीचा नसलेला शब्द ती ओळखीचा करून टाकतात. 'रणमाले' (सत्तरी तालुक्यातलं लोकनाट्य) होतं तिथे मला 'रणमाळ' मिळालं. वाक्य गुळगुळीत, कुठे अडखळायला होत नाही. सत्तरीतलं रणमाले ज्यानं पाहिलेलं नाही, त्याला चूक कळणारही नाही. आणि बदलतात ते नेमके आपल्याकडचेच शब्द, कारण बाकीचे यंत्राला आधीच ठाऊक असतात.

म्हणून पैसे टंकण्याचे नकाच देऊ. वाचण्याचे द्या.

प्रकाशक दादा, नकलांचं म्हणणं पटलं. पण हातानं उतरवणाऱ्यानं ओवी न् ओवी वाचली होती. स्कॅन करताना पान कुणीच वाचत नाही.

वाळपईची वाचक

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. टॅबवर अक्षर बोटाएवढं करून वाचते. स्कॅन केलेली दोन पुस्तकं दिली होती, चार पानांत ठेवून दिली. एवढंच सांगायचं होतं.

खिळ्यांपासूनचा (मडगाव)

मी शिशाच्या खिळ्यांवर हात बसवला, नंतर संगणकावर पानं जुळवणाऱ्या पेजमेकरवर आलो. तुम्ही सगळे छापील पानापासूनच सुरुवात करताय. नव्वद सालानंतरची बरीच पुस्तकं संगणकावरच जुळवलेली आहेत, त्यांच्या फाइली कुठल्या तरी सीडीवर पडून असतील. अडचण फाँटची. त्या काळच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली अक्षरं बसवलेली असत. फाँट नसला की नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी आम्ही अक्षराच्या आधी टंकत होतो आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, त्यामुळे जोडाक्षरात ती भलतीकडे जाते. दुसरी खोड रफाराची. 'डोंगर-दऱ्या'चं 'डोंगर-दर्या' होतं. आपल्या गोव्यात दर्याही आहे आणि दऱ्याही, तेव्हा संदर्भ बघूनच दुरुस्त करावं लागतं. तरी सगळं नव्यानं टंकण्यापेक्षा हे निम्म्या वेळात होतं.

छोटा प्रकाशक (म्हापसा)

काका, सीडी आहेत माझ्याकडे! 1997 ते 2004 मधल्या. त्यांचा विचारच केला नव्हता. जुन्या पुस्तकांना मात्र मी स्कॅनच म्हणेन. आणि हक्कांचं कोण बघणार? लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे. एक मुंबईत, एक लिस्बनला. सहीसाठी दोन दोन वर्षं पत्रं लिहिली आहेत मी.

अक्षरजुळणी ताई, एका सीडीवरची वीस पानं पाठवतो. वाचण्याचे पैसे किती ते सांगा. फुकट नको.

अक्षरजुळणी (फोंडा)

पानाला चाळीस. यादीही देईन, कुठला शब्द का बदलला त्याची.

खिळ्यांपासूनचा (मडगाव)

फाइल उघडली नाही तर सीडी घेऊन मडगावला या. तो जुना संगणक मी अजून टाकलेला नाही, चालतो.