अनुभव धागा: बेट, वाळू आणि घरची सगळी वरात

पोळपाट
माळा आवरायला काढलाय. ट्रंकेमागून पिवळी बदकाची ट्यूब निघाली. टाल्कम पावडर फासून घडी घातलेली, वरून सुतळी. हे काम सासऱ्यांचंच. लेक आता बारावीत, टाकू का विचारलं तर म्हणाले, राहू दे.

२०१७ चा डिसेंबर, अंदमान. बाबांना (सासऱ्यांना) फक्त सेल्युलर जेल बघायचं होतं, सावरकरांची कोठडी. 'समुद्र काय बघायचा, आम्ही गुहागरचे' हे पालुपद पोर्ट ब्लेअरपासून फेरी बोटीत बसेपर्यंत चालू. हॅवलॉक बेटावर राधानगर बीचला गाडीतून उतरलो, ती उंच महुआची झाडं ओलांडली आणि बाबा गप्प. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात, वाळू चिमटीत घेऊन चोळत बसले. गहू दळून आणल्यावर पीठ बघतात तसे.

लेक आठ वर्षांची. बदक बघून 'मी काय बाळ आहे का' म्हणून रुसली. तोवर बाबांनी तोंडाने फुंकून ट्यूब भरली होती, चेहरा लालबुंद. 'एवढी हवा वाया घालवायची?' असं म्हणून स्वतःच डोक्यातून घातली आणि बनियनवर पाण्यात. ट्यूब काखेत अडकली, ना वर ना खाली. पाणी कमरेएवढंच, लाटाही शहाण्यासारख्या, पण सासूबाई किनाऱ्यावरून 'अहो, अहो' करतायत आणि लेक तोंड लपवून हसतेय. सूर्य पाच वाजताच कलला, शिट्ट्या वाजल्या, सगळ्यांना बाहेर काढलं. सासूबाईंनी फोटो काढू दिला नाही. पुरावा काय तो ही ट्यूबच.

तुमचेही किस्से येऊ द्या. बेटच हवं असं नाही.

भटकभवानी
मेले हसून. ऑफिसात वाचतेय.

रत्नांग्री८
बाबा गुहागरचे म्हणजे तिथीवरून भरतीची वेळ काढली असणारच?

पोळपाट
काढली ना! तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून. साफ चुकली. 'इथला समुद्र बेशिस्त आहे' म्हणाले.

रत्नांग्री८
बेशिस्त नाही हो, तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा. उधाण (मोठी भरती) अमावास्या-पौर्णिमेला आणि भांग (सगळ्यात लहान भरती) अष्टमीच्या आसपास, हे मात्र तिथेही तसंच. लहान मुलं असतील तर भांगाचे दिवस बघून जावं.

आईऑफटू
पाचला सूर्यास्त हे कोणी सांगत नाही आधी!! आम्ही आपले दुपारी जेवून, झोपून, आरामात साडेचारला पोचलो. पोरांनी किल्ला अर्धा बांधला तोवर अंधार. दोघांनी वाळूत लोळून भोकाड.

सरळरेषा
घड्याळ अख्ख्या देशाला एकच, ८२.५ अंश रेखांशाचं. अंदमान ९३ च्या आसपास, मुंबई ७३. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे मुंबईपेक्षा जवळजवळ सव्वा तास आधी दिवस उरकतो. पहाटे साडेपाचच्या सुमाराला उजाडायला लागतं, मुलांना तेव्हा न्या. पाणी स्वच्छ, गर्दी शून्य.

आईऑफटू
पहाटे साडेपाचला माझी मुलं. बरं.

कावळा_काव
नील बेटावर (आताचं शहीद द्वीप) भरतपूर बीच मुलांसाठी जास्त सोयीचा वाटला, खूप आतपर्यंत पाणी घोट्या-गुडघ्याएवढं. फक्त ओहोटीला प्रवाळ उघडे पडतात, अनवाणी फिरू नका. माझ्या टाचेत घुसलं, पुढचे तीन दिवस बायकोच्या खांद्यावर हात टाकून फिरलो. हनिमून जोडप्यांना वाटलं काय प्रेम.

भटकभवानी
😂😂 टाच कशी आहे आता

कावळा_काव
टाच बरी आहे. खांदा अजून ऐकवतो.

मोदकप्रेमी
तिकडे बंगाली जेवण छान मिळतं ना? फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्यांना वसवलं त्या बेटांवर. आम्ही एका टपरीवर सुरमई-भात खाल्ला, मोहरी वाटून लावलेली. नवरा म्हणे आपल्या मालवणीला तोड नाही. तीनदा भात घेतला मात्र.

शाकाहारी_बरं_का
आणि आम्ही पाच दिवस पनीर. इति.

जुनीवही
२०१३ ला गेलो तेव्हा राजन होता. समुद्रात पोहणारा हत्ती. पूर्वी तिथे लाकडाचे ओंडके ओढायला हत्ती आणलेले, एका बेटावरून दुसऱ्यावर पोहत न्यायचे. आम्ही पोचलो तोवर म्हातारा झाला होता. झाडाखाली उभा राहून केळी सालासकट खात होता. मुलगा फोटो काढायचं विसरून नुसता त्याच्या पापण्यांकडे बघत राहिला, 'आई, झाडूसारख्या आहेत'. २०१६ ला गेला राजन. पेपरात वाचलं तेव्हा मुलाला दोन दिवस सांगितलं नव्हतं.

आईऑफटू
🥺

सातच्याआतघरात
शंख-शिंपले उचलून आणू नका कोणी, मनाई आहे. आमच्या कन्येने मोज्यात दोन कवड्या लपवल्या होत्या. विमानतळावर बॅग उघडली आणि सगळ्या रांगेसमोर बापाची इस्त्री केलेली बनियन, फरसाण, ओले कपडे आणि तो मोजा. कन्या लगेच, 'बाबांनी ठेवल्या'.

जुहूकर
बेटावरच राहतो की आपण. जुहू तर पूर्वी वेगळंच बेट होतं. दर रविवारी वरात काढतो, गोळा खातो, पाण्यात मात्र उतरत नाही. पावसाळ्यात जेलीफिश येतात, शेजाऱ्याच्या मुलाचा पाय भाजल्यासारखा लाल झाला होता.

भटकभवानी
कालाखट्टा की ऑरेंज?

जुहूकर
हा काय प्रश्न झाला? कालाखट्टा.

नवीनआहे_इथे
फेब्रुवारीत सासू-सासऱ्यांना न्यायचंय. सासूबाईंना बस लागते, फेरी झेपेल का?

कावळा_काव
फेब्रुवारीत समुद्र बहुधा शांत असतो. गोळी बसण्याच्या किमान अर्धा तास आधी घ्या, उलटी आल्यावर नाही. पोटात काहीतरी कोरडं असू द्या, आणि पुढची नाही, मधली सीट मागा.

आईऑफटू
खोबरेल तेल न्या. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, दिसतही नाहीत, आठवडाभर खाजतं. रोख पैसेही ठेवा जवळ, आमचं नेटवर्क सारखं गुल होत होतं.

रत्नांग्री८
पोळपाट, ट्यूबचं काय ठरलं?

पोळपाट
बाबांनी दुपारी फुंकायला घेतली. ब्याऐंशीव्या वर्षी! हातातून ओढून घेऊन सायकलच्या पंपाने भरली. रात्रीत निम्मी बसली. आता बादलीत बुडवून भोक शोधणं चालू आहे, बुडबुडे बदकाच्या डोळ्याशी येतायत. लेक अभ्यास सोडून बादली धरून बसलीय. पंक्चरचं सोल्यूशन रबरी ट्यूबला चालतं, याला चालेल का हो?