मदत हवी आहे: २६ मध्ये एमबी२ सापडत नाही

मोलर_२६: २६ ची (वरची डावी पहिली मोठी दाढ) रूट कॅनॉल चालू आहे. तिन्ही कॅनॉल (मुळांतल्या नळ्या) साफ झाले, तरी थंडाची कळ जात नाही. एमबी२ (पुढच्या, गालाकडच्या मुळातला दुसरा कॅनॉल) शोधायचा कुठे? पेशंट उद्या येतोय, लवकर सांगा.

एंडोवाला: पहिलीच ट्रीटमेंट की रीट्रीटमेंट? लूप्स (भिंगाचा चष्मा) की मायक्रोस्कोप? एक्सरे कोणत्या कोनातून? अ‍ॅक्सेसचा (दात उघडायला केलेल्या भोकाचा) आकार?

सूक्ष्मदर्शी: एमबी१ (त्याच मुळातला पहिला कॅनॉल) पासून पॅलेटलपर्यंत (टाळूकडचा कॅनॉल) रेघ धरा. एमबी२ त्या रेघेच्या किंचित मेसियलला (पुढच्या दातांच्या बाजूला), एमबी१ पासून साधारण २ मिमीवर असतो. वर डेंटिनचं (दाताच्या आतल्या कठीण थराचं) छप्पर असतं. अल्ट्रासॉनिक टिप (कंपनाने खरवडणारं टोक) कमी पॉवरवर, हलक्या हाताने चालवा. दर अर्ध्या मिमीला धुऊन बघा.

स्कॅनप्रेमी: आंधळं खोदू नका! आधी छोट्या फील्डचा सीबीसीटी (त्रिमितीय एक्सरे स्कॅन). कॅनॉल किती खोलीवर फुटतो ते आडव्या कापांत मोजता येतं.

सूक्ष्मदर्शी: स्कॅन जागा दाखवतो, छप्पर आपल्यालाच काढावं लागतं. शिवाय प्रत्येक २६ ला स्कॅन करणं बरोबर नाही.

स्कॅनप्रेमी: प्रत्येक नाही हो, अडलेल्या केसला! खोदताना फरकेशनकडे (मुळं वेगळी होतात तिथे) पर्फोरेशन (आरपार भोक) झालं तर?

मोलर_२६: पहिलीच. लूप्स ३.५ पट. एक सरळ एक्सरे. अ‍ॅक्सेस त्रिकोणी.

एंडोवाला: मग अडचण तिथेच आहे. मेसियल भिंत आणखी मेसियलकडे सरकवून अ‍ॅक्सेस चौकटच्या एक्क्यासारखा करा. एमबी१ मध्ये फाइल (कॅनॉल साफ करायची बारीक सुई) ठेवून २० अंश मेसियलकडून एक्सरे काढा; फाइल मुळाच्या मध्यावर दिसली नाही तर दुसरा कॅनॉल आहे असं धरा. चेंबरमध्ये (दाताच्या आतल्या पोकळीत) हायपोक्लोराइट (कॅनॉल धुण्याचं द्रावण) भरून बुडबुडे कुठून येतात तेही बघा.

क्राउनताई: कस्पल कव्हरेज (दाढेची टोकं झाकणारी कॅप) विसरू नका, नाहीतर पुढे दात चिरतो.

एंडोवाला: ताई, आधी कॅनॉल तर सापडू दे.

मोलर_२६: मागे एका दातात एमबी२ चं तोंड सापडलं, पण फाइल १ मिमीवर अडली. तेव्हा काय करायचं?

सूक्ष्मदर्शी: हा कॅनॉल सुरुवातीला मेसियलकडे आडवा वळतो. सरळ दाबलं की लेज (भिंतीत पायरी) बनते. आधी तोंडावरचा मेसियल डेंटिन काढा, मग टोक वाकवलेली ६ किंवा ८ नंबरची फाइल, सोबत ईडीटीए (डेंटिन मऊ करणारं रसायन). बऱ्याचदा तो खाली एमबी१ ला मिळतो: एमबी१ मध्ये गटापर्चा कोन (कॅनॉल भरायची रबरासारखी काडी), एमबी२ मध्ये फाइल घाला; कोनवर ओरखडा उठला तर मिळालेत.

मोलर_२६: एमबी२ शोधताना खाच किती खोल न्यायची?

स्कॅनप्रेमी: ३ मिमीपर्यंत काही दिसलं नाही तर थांबा. मग मात्र स्कॅनच.

सूक्ष्मदर्शी: हे मान्य.