घरच्या व्हीसीआरवर तुम्ही काय काय रेकॉर्ड केलंत? (आणि कशावर काय चढवलंत?)

माळा आवरताना एक ई-१८० (म्हणजे तीन तासांची) व्हिडिओ कॅसेट सापडली. लेबलवर आईच्या अक्षरात "रामायण - स्वयंवर", ते खोडून बाबांच्या अक्षरात "गावस्कर, नागपूर", तेही खोडून माझ्या अक्षरात "पुसू नका!!!" एवढंच. आता आत नक्की काय आहे ते मलाच आठवत नाहीये. नागपूर म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८७, गावस्करचं वनडेतलं एकमेव शतक आणि त्याच मॅचला चेतन शर्माची हॅटट्रिक, तेव्हा ते पुसलं असेल तर मी स्वतःला माफ करणार नाही. तुमचेही किस्से लिहा. भाड्याने आणलेल्या पिक्चरचे नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू.

---

आमच्याकडे काकाने व्हीसीआर घेतला तेव्हा रिमोटला वायर होती, ती पुरेल एवढ्याच अंतरावर बसायचं. रविवारी साडेनऊला जाहिराती गाळायचं काम माझं. पण पॉज फार वेळ ठेवला की मशीन आपोआप बंद पडायचं, कारण हेड (टेप वाचणारा फिरता भाग) एकाच जागी फिरून टेप झिजते, आणि रामायणाच्या आधी तर जाहिरातींची रांगच लागायची. मग धावत जाऊन प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबायचं, तोवर सुरुवात गेलेली. काका आठवडाभर बोलायचा नाही.

---

आजीचा ठाम समज की टीव्ही बंद केला की रेकॉर्डिंग पण बंद होतं. व्हीसीआरचा ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारा भाग, वेगळा असतो हे बाबांनी तीनदा समजावलं, तरी लग्नाला जाताना टीव्ही चालू ठेवूनच निघायचं, वर त्याच्यावर टॉवेल, म्हणजे चोराला दिसायला नको 😄 एकदा सगळं टायमर बियमर लावून गेलो आणि मध्येच लाइट गेली. परत आलो तर घड्याळ नुसतं लुकलुकतंय, कॅसेट कोरी, आणि आजी म्हणे बघ, मी सांगत नव्हते.

---

शारजा, २२ एप्रिल १९९८. आपली बॅटिंग सुरू झाली तशी मी नवी कोरी कॅसेट घातली. मध्येच वाळूचं वादळ आलं, खेळ थांबला, आम्ही सगळे जेवायला उठलो आणि पॉज करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. म्हणजे माझ्याकडे वीस-पंचवीस मिनिटं शुद्ध वाळू आहे, पाठ फिरवून बसलेले प्लेअर आहेत, आणि तीन तास भरले तेव्हा सचिन अजून खेळत होता. १४३ पैकी शेवटचे रन माझ्या कॅसेटवर नाहीत. दुसरी कॅसेट होती हो घरात, पण तिच्यावर ताईचं लग्न.

---

वरच्यांनी निदान लग्न तरी वाचवलं. आमच्याकडे मुंजीच्या कॅसेटची मागची खिट्टी तोडलेली होती, म्हणजे त्यावर काही चढूच नये. भावाने त्या भोकावर सेलोटेप चिकटवली आणि महाभारत चढवलं. मातृभोजन चाललंय, आई घास भरवतेय, एक मुंग्यांचा झटका, आणि थेट कुरुक्षेत्र. पाहुणे आले की आई अजून तेच सांगते.

---

मावशी न्यू जर्सीला. तिच्यासाठी महिनाभर मराठी नाटकं टेप केली, ओळखीच्या हातून चार कॅसेट पाठवल्या. फोनवर म्हणाली नुसत्या पट्ट्या दिसतायत. टीव्हीच्या चित्राची पद्धतच वेगळी, आपली पाल (PAL), ६२५ लाइनी, तिकडची एनटीएससी, ५२५. कुणाला माहीत होतं! तिकडच्या दुकानात कन्व्हर्ट करून घ्यायला जे डॉलर गेले ते तिने आम्हाला कधीच सांगितले नाहीत, मावसभावाने सांगितले.

---

धागाकर्ते, कॅसेट लगेच कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. आधी पुढचं झाकण उचलून टॉर्चने रीळ बघा. कडेला पांढरी पावडर दिसली तर बुरशी आहे, ती हेडला लागते आणि मग पुढच्या कॅसेटलाही. आमच्या कोकणात तर दोन पावसाळ्यांत धरायची. साफ करून देणारे आहेत अजून, पण आधी विचारा की रीळ उघडून पुसतात की नुसतीच पुढे-मागे फिरवतात.

---

बघितलं. पांढरं आहे, एका बाजूलाच. आईला विचारलं आत काय असेल, ती म्हणाली स्वयंवरच असणार, तुझ्या बाबांना रेकॉर्डचं बटण कधी सापडलंच नाही.