चिकित्सक म्हणजे डॉक्टर, की खोदून विचारणारा?

आमच्या सासूबाई माहेरच्या पुण्याच्या. लग्न होऊन इंदुरात आल्या त्याला चाळीस वर्षं झाली, हिंदी सफाईनं बोलतात. मागच्या महिन्यात शेजारच्या भाभींना कौतुकानं म्हणाल्या, "हमारी बहू बड़ी चिकित्सक है।" दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी ब्लडप्रेशरचे कागद घेऊन दारात. मी बँकेत नोकरी करते.

त्यांची काहीच चूक नाही. इथे एम.वाय. हॉस्पिटलचं पूर्ण नावच महाराजा यशवंतराव चिकित्सालय. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर, विषय संपला. मराठीत जिल्हा शल्यचिकित्सक असतो तसा चिकित्सक वाचकही असतो, आणि भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली ती तर पोथ्या पडताळून. मग एकाच शब्दात हे दोन अर्थ आले कसे? आणि घरात तो कौतुकाचा धरायचा की टोमण्याचा?

प्रतिसाद : चिकित्सा, चिकित्सक यांचा संस्कृत धातू 'कित्'. ज्ञा–जिज्ञासा, पा–पिपासा यांत जो (एरवी इच्छा दाखवणारा) सन् प्रत्यय आहे, तोच इथे. पाणिनीचं सूत्र 'गुप्तिज्किद्भ्यः सन्'. फरक एवढाच की जिज्ञासेत जाणण्याची इच्छा आहे, चिकित्सेत इच्छेचा अर्थ नाही. व्याकरणावर टीका लिहिणारे पंडित कित् धातूला रोग हटवणं हा अर्थ देतात आणि संशय हाही देतात. संशय असेल तेव्हा बहुधा शब्दाच्या आधी 'वि' लागतो. अमरकोशात सरळ आहे : 'विचिकित्सा तु संशयः'. कठोपनिषदात नचिकेता यमाला विचारतो, मेल्यावर माणूस उरतो की नाही? त्या शंकेला तो विचिकित्साच म्हणतो. म्हणजे मराठीतला अर्थ उपरा नाही, एका जुन्या अर्थाच्या शेजारचा आहे.

वापराचं म्हणाल, तर नाम आणि विशेषण वेगळी वागतात. "वांगी घेताना एवढी कसली चिकित्सा?", "नसती चिकित्सा नको" यांत त्रागा आहे. पण "पोरगं चिकित्सक आहे" म्हणणारी आजी खूशच असते. शंकेखोर माणसाची गोष्ट निराळी, त्याचा समोरच्यावरच भरवसा नसतो. चिकित्सक माणूस समोरच्यावर रुसत नाही, फक्त "कशावरून?" विचारतो. चौकस त्याच्या जवळचा, पण चौकस माणसाला माहिती मिळाली की पुरतं.

मूळ प्रश्नकर्ती : "कशावरून?" अगदी पटलं. माझा सातवीतला मुलगा दिवसभर हेच विचारतो, आणि हिंदी कानाला खटकेल म्हणून मीच हा शब्द त्याच्यासाठी वापरायचं सोडलं होतं. आता सोडणार नाही.

भाभींसाठी हिंदी शब्द मात्र सापडला नाही. 'जिज्ञासु'मध्ये तपासणं येत नाही, 'बाल की खाल निकालना'मध्ये नुसता दोष येतो. सासूबाई आता अख्खं वाक्य सांगतात : "बहू बिना जाँचे-परखे कुछ नहीं मानती।"