मदत हवी आहे: ४ इंची आणि ३ इंची फळीचा मायटर सांधा

मंडळी, चवथीच्या आत देवघराची चौकट उभी करायची आहे. फोंड्याला राहतो. वरची फळी आमच्या जुन्या घराच्या दारावरची, ४ इंच रुंद, आणि तिच्यावर कडेपर्यंत वेल कोरलेली आहे. ती चिरून अरुंद करायला माझा जीव धजत नाही. उभ्या फळ्या फणसाच्या, ३ इंची. कोपऱ्यात तिरकाच (मायटर) सांधा हवा.

४५ अंश सुचवू नका, ते इथे लागू पडत नाही. त्या कोनात ४ इंची फळीचा काप ५.६६ इंच येतो आणि ३ इंचीचा ४.२४, दोन्ही कोपरे एकदम जुळणारच नाहीत. म्हणून एक फळी दुसरीवर काटकोनात ठेवली आणि जिथे त्या एकमेकींवर येतात त्या चौकोनाच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. आता दोन्ही काप बरोबर ५ इंच. सरळ कापापासून मोजलं तर रुंद फळीला ३६.८७ अंश, अरुंदीला ५३.१३. बेरीज ९०.

गाडी अडलीय ती ५३ वर. माझा मायटर सॉ (कोनात कापायची यांत्रिक करवत) ५० च्या पुढे वळत नाही. मागच्या टेकूला काटकोनात लाकडी ठोकळा पक्का करून फळी त्याला लावली आणि सॉ ३६.८७ वर ठेवला, तर काप ५३.१३ चाच पडेल. पण फळी आडवी न राहता माझ्या अंगाच्या दिशेने येते. क्लॅम्पशिवाय तसं करायचं नाही हे नक्की. दुसरा मार्ग, हाताच्या करवतीने रेघेच्या किंचित बाहेरून कापून रंध्याने रेघेवर आणायचं. यात निमुळत्या टोकाचे तंतू उचकटायची भीती वाटते. मागे टाकाऊ लाकूड दाबून धरलं तर फणसाला ते पुरतं का?

आतल्या कडेने अर्ध्या इंचाची गोलची (कडेचा गोलाकार घाट) काढायचाही विचार होता, पण ती कोपऱ्यात जुळत नाही. गोलचीची रेघ रुंद फळीवर कापाला आतल्या कोपऱ्यापासून ०.६२ इंचावर भेटते, अरुंदीवर ०.८३ वर. दीड सुताहून (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त फरक! त्यामुळे गोलचीची वेगळी पट्टी करून तिला तिचा ४५ चा काप द्यावा, असं सध्या ठरवलंय. याहून चांगलं काही असेल तर जरूर सांगा.

आणि खरी काळजी पावसाची. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. फुगलं की तिरका सांधा बाहेरच्या टोकाला उघडतो, सुकलं की आतल्या. आत्ता, भर पावसात दमट लाकूड चिकटवलं तर एप्रिल-मेमध्ये आतल्या कोपऱ्यात फट दिसणार. फळ्या घरातच खोलीत रचून ठेवल्या आहेत, पण इकडच्या हवेत त्या कितीशा सुकणार?

कापलेली तोंडं गोंद पिऊन टाकतात, म्हणून आधी पातळ हात देऊन मग दुसरा हात देणार आहे. नुसत्या गोंदावर भरवसा नाही. मागून खाच पाडून आडव्या तंतूची पातळ चीप बसवावी की खुंट्या माराव्यात? कोकणात किंवा गोव्यात असं काम केलेल्या कुणी आपला सांधा दोन-तीन पावसाळ्यांनंतर कसा राहिला ते लिहावं, आणि ५३ अंशांसाठी रंध्याचा टेकू बनवला असेल तर त्याचा फोटो टाकावा. फळ्या अजून कापलेल्या नाहीत.