मदत हवी आहे: सत्तरीतल्या कुळागराच्या वाटेवरचा वायरलेस अलार्म उन्हात आंधळा, पावसात मुका

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यात सत्तरीत, वाळपईच्या पुढे म्हादई अभयारण्याच्या कडेला. आई-बाबा दोघंच तिथे राहतात, मी नोकरीसाठी पणजीला. डांबरी रस्त्यापासून घर साधारण १८० मीटर आत, मधे पोफळी, केळी, मिरीचे वेल आणि एक ओहळ. मोबाईलला रेंज फक्त रस्त्यावर येते, त्यामुळे सिमवरून फोटो पाठवणारे कॅमेरे बाद.

गेल्या वर्षी मे महिन्यात रात्री कुत्रा भुंकायला लागला म्हणून बाबा टॉर्च घेऊन खळ्यात आले तर समोर गवा उभा, दहा-बारा हातांवर. नशीब तो वळून केळीत शिरला. बाबांना एका कानाने ऐकू येत नाही, आई म्हणाली मला तर फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. हे फोनवर ऐकल्यापासून रात्री माझं लक्ष तिकडेच असतं. शिवेवर देवचाराला आम्ही रोट देतो, राखण त्याची ही बाबांची श्रद्धा आहे आणि माझीही, पण वाटेवर काही हललं तर बाबा दार उघडायच्या आत घरात घंटी वाजावी एवढं मला हवंय.

म्हणून नोव्हेंबरात एक वायरलेस अलार्म घेतला. सेन्सर फाटकाच्या खांबाला, घंटीचा डबा स्वयंपाकघरात. खोक्यावर ४०० मीटर लिहिलंय. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असायचा तेव्हा इतका छान चालला की मांजर गेलं तरी वाजायचा. मार्चपासून बिघडला. दुपारी बाबा स्वतः समोरून चालत आले तरी गप्प, आणि कोणी नसताना उगाच वाजतो. जूनमध्ये पाऊस धरला तशी घंटी जवळजवळ बंदच, सेल नवे घातले तरी तेच. उघडून बघितलं तर आत मुंग्यांनी अंडी घातलेली.

नेटवर शोधलं तर सगळे सल्ले थंड मुलखातले, बर्फातली लांब वाट, उणे तापमानात अल्कलाइन सेल बसतात म्हणून लिथियम घाला वगैरे. आमच्याकडे त्याच्या उलट हवा. उष्म्याच्या आणि धो धो पावसाच्या जागी हे कोणी वापरलंय का? हाच नीट करता येईल की दुसरा घेऊ?

प्रतिसाद, फोंड्याहून

दादा, तुमचा सेन्सर बिघडलेला नाही असं मला वाटतं. हा पीआयआर प्रकार, तो हालचाल बघत नाही, उष्णतेतला फरक बघतो. माणसाची त्वचा ३३-३४ अंश असते, डिसेंबरात पहाटे हवा २० च्या आसपास म्हणजे फरक भरपूर, एप्रिलच्या दुपारी हवाच ३४ वर गेली की तुमचे बाबा आणि मागची हवा त्याला एकच दिसतात. थंड मुलखात याच सेन्सरची नजर चांगली असते, सेल दगा देतात. आपल्याकडे सेल टिकतात आणि नजर जाते. रात्री मात्र हवा उतरते, गव्याचं अंग मोठं, तो दिसायला हवा.

उगाच वाजतो त्याचं कारण बहुतेक समोरच आहे. सेन्सरपुढे तापलेला चिऱ्यांचा गडगा किंवा उन्हात हलणारं केळीचं पान आहे का ते बघा. तोंड उत्तरेला सावलीकडे करा. आणि तुम्ही म्हणता बाबा समोरून आले, तर समोरून येणाऱ्याला हा उशिरा पकडतो, आडवं जाणाऱ्याला पटकन. म्हणून वाटेच्या तोंडाला लावू नका, बाजूच्या पोफळीवर कमरेच्या थोडं वर लावा म्हणजे येणारा त्याच्यापुढून आडवा जाईल आणि मांजर-कुत्रं बरंचसं खालून निघून जाईल.

प्रतिसाद, डिचोलीहून

पावसातल्या गोष्टीबद्दल मी सांगतो, आमच्या काजूच्या बागेत हेच झालं होतं. खोक्यावरचे ४०० मीटर म्हणजे उघड्या माळावरचे. मधे पानं, पानांवर पाणी, की लहरी तिथेच जिरतात. शनिवारी गेलात की आईंना सेन्सरसमोर हात हलवत उभं करा आणि तुम्ही घंटीचा डबा हातात घेऊन घराकडे चालत या, कुठे वाजायचा थांबतो ते कळेल. मग डबा स्वयंपाकघरातून काढून माडीवर फाटकाच्या बाजूच्या खिडकीत ठेवा, चिऱ्याची जाड भिंत मधे नको. आमचा नुसता उंचीवर नेला आणि सुरू झाला. नवीन घ्यायचाच तर २.४ गिगाहर्ट्झवाला झाडीत अजिबात घेऊ नका, ४३३ किंवा ८६५ मेगाहर्ट्झचा बघा. ४३३ वाल्याची अँटेनाची तार साधारण १७ सेंटिमीटर सरळ हवी, आमच्या डब्यात ती गुंडाळून कोंबली होती.

मुंग्यांसाठी झाकणाच्या सांध्याला सिलिकॉन लावा, पण तळाचं बारीक भोक बुजवू नका, आत दमट साचलं की पाणी तिथूनच निघतं.

आणि जमिनीत पुरायचा प्रोब मिळतो तो घेऊ नका, तो लोखंड ओळखतो, गाडी आली तर वाजेल, गवा आला तर नाही.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. शनिवारी जाऊन आलो. फोंडेकर दादा, गडगा अगदी समोर होता, दुपारी हात लावला तर चटका बसला! सेन्सर आता ओहळाच्या अलीकडे पोफळीवर आडवा लावलाय, वर करवंटीचं छप्पर केलंय. आईला उभं करून डबा घेऊन चाललो तर विहिरीपर्यंत वाजला, घरात नाही. माडीवर नेला, पाऊस चालू असताना दहापैकी आठ वेळा वाजला. आई दर वेळी खालून ओरडून विचारत होती, वाजली काय रे?

राहिली एक अडचण. डबा विजेवर चालतो आणि पावसात आमच्याकडे वीज रात्ररात्र नसते, नेमक्या त्याच रात्री बाबा बाहेर डोकावतात. ५ व्होल्टचा अडाप्टर आहे, तर मोबाईलची पॉवर बँक मधे लावून ठेवली तर चालेल का? ऐकलंय की करंट फार कमी ओढला तर काही पॉवर बँका आपोआप बंद होतात. कोणी लावून बघितली असेल तर सांगा, पुढच्या शनिवारी जाताना घेऊन जाईन. आणि बाबांच्या उशाशी लाल दिवा पेटेल असा दुसरा डबा त्याच सेन्सरला जोडता येतो का तेही सांगा, आवाज त्यांना दर वेळी कळत नाही.

देव बरें करूं.